पेलमची आजी

१

ब्रिटा खुर्चीवर उभी राहून टेबलावरच्या ताटांचा वरून फोटो काढत होती. तेवढ्यात हातातला फोन किणकिणला. तिनं वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि खाली उतरायचं विसरून तशीच उभी राहिली.

“उतर गं बाई आता,” तिची सासू व्हर्ना म्हणाली. “कोंबडी पार निवली. अजून प्रार्थना व्हायचीय.”

या घरात आधी फोटो, मग प्रार्थना, मग जेवण. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर व्हर्ना टॉलेफसन मुलाकडे राहायला आली, आणि तेव्हापासून वाफा येणारं अन्न तिनं फक्त लांबूनच पाहिलं होतं. ती बोलत मात्र नसे. सारी नोकरी तिनं आगीच्या विम्याचे दावे तपासण्यात घालवली होती. विस्कॉन्सिनच्या या भागात कुणाचा गोठा आपसूक पेटला आणि कुणी तो पेटवला, हे ती समोरच्याला बोलतं ठेवून ओळखायची. दुसऱ्याला बोलतं ठेवायचं तर स्वतः गप्प बसावं लागतं. ती सवय आता घरात कामी येत होती.

“आई,” ब्रिटा वरूनच म्हणाली, “मी लबाड आहे म्हणे.”

मेल हार्लो मिलकडून आली होती. ओट्सची गिरणी. त्यांना वर्षभरासाठी एक ब्लॉग लिहिणारी बाई हवी होती. तिनं आपल्या पाककृतींत त्यांचे ओट्स वापरायचे, गिरणीनं तिचा खर्च उचलायचा आणि पाकिटावर तिचा चेहरा छापायचा. शेवटी दोनच नावं उरली होती, एक ब्रिटाचं आणि एक याच गावातल्या कॉरिनचं. आणि आज गिरणीच्या मिस डुप्री लिहीत होत्या, की तुमचे फॉलोअर अचानक दुपटीनं वाढले आहेत. त्यांतल्या बहुतेकांना ना नाव, ना चेहरा. शिवाय तुमच्या काही जुन्या पानांखाली विकतची स्तुती येऊन पडली आहे. वाचक विकत घेणाऱ्यांबरोबर आम्ही काम करत नाही. शुक्रवारी मी गावात येते आहे, काही सांगायचं असेल तर समोरासमोर सांगा. नाहीतर आमचं उत्तर ‘नाही’ असं समजा. अशी नावं आमच्या धंद्यात एकमेकांना कळवायची पद्धत आहे, हेही तुम्हाला ठाऊक असावं.

“मी नाही घेतले,” ब्रिटा म्हणाली. “देवाशपथ नाही घेतले. गिरणी गेली तर जाऊ दे. पण नाव गेलं तर मला कुणी दारात उभं करणार नाही. इतकी वर्षं घालवली मी यात. लायल, तू काहीतरी बोल ना.”

लायल, व्हर्नाचा मुलगा, आत्ताच कामावरून आला होता. तो दुधाचा टँकर चालवायचा. शेताशेतांतून दूध गोळा करून मर्टनच्या चीजच्या कारखान्यात नेऊन ओतायचं, हे त्याचं काम. त्यानं एक बटाटा काट्यानं इकडून तिकडे ढकलला.

“मी काय बोलणार? मला त्यातलं काय कळतंय?”

“कसं कळेल? एक ओळ तरी वाचलीयस कधी?”

“भांडण नंतर,” व्हर्ना म्हणाली. “आणि तुला आज एवढा उशीर का रे?”

“स्टकीचा पंप. त्या म्हाताऱ्याकडे दूध टँकरमध्ये चढेस्तोवर माणसाला दाढी उगवते.” त्यानं ओट्याकडे हनुवटीनं खूण केली. तिथं वर्तमानपत्रात गुंडाळलेली, केकात घालायच्या रूबार्बची लालबुंद आंबट देठं पडली होती. “त्याच्या बायकोनं ती दिली. टाकूनच देणार होती.”

ब्रिटानं खुर्चीवरून उतरून ती जुडी उचलली आणि उगाचच नाकाशी धरली.

“दरवर्षी याच सुमाराला कुणीतरी रूबार्ब देतं तुला,” व्हर्ना म्हणाली.

“हंगाम आहे,” लायल म्हणाला, आणि पहिल्यांदाच, प्रार्थनेची वाट न बघता, त्यानं घास तोंडात घातला.

२

सकाळी कीगन आला. कीगन ब्लॉगवाल्यांना पर्सनल ब्रँडिंग शिकवायचा, म्हणजे नेमकं काय करायचा हे व्हर्नाला तीन वेळा समजावून झालं होतं. ब्रिटानं कायम मोहरीच्या रंगाचा एप्रन घालावा, हे त्यानं ठरवलं होतं. तिच्या सगळ्या कपबशा निळ्या असाव्यात, हेही त्याचंच. व्हर्नाचा आवडता तपकिरी मग त्यामुळे गॅरेजमध्ये गेला होता.

“आजी, घाबरू नका,” तो आल्या आल्या म्हणाला. “याला आपण संकट म्हणायचं नाही. याला वळण म्हणायचं.”

“मी तुझी आजी नाही. बस तिथं. तू घेतलेस का हे फॉलोअर?”

“मी?” त्याला खरंच लागलं. “अहो, गिरण्या आता सगळं तपासतात. ब्रिटाला काम मिळालं तरच मला माझा वाटा मिळणार. मी माझ्याच ताटात माती कशाला कालवीन?”

“पण आकडे कमी पडतायत, असं तू इथंच बसून म्हणाला होतास. गेल्या आठवड्यात, जेवताना. मी होते.”

“म्हणालो. थोडी चालना द्यावी लागते, सगळेच देतात, असंही म्हणालो. पण ते आपलं बोलण्यातलं. मी शिकवतो काय? माणूस म्हणजे एक वचन. ब्रिटाचं वचन काय, तर ऊबदार, आनंदी, भरलेलं टेबल. त्यात न बसणारं सगळं मी तिला काढायला लावलं. तिच्या वडिलांच्या मरणाचं पान, म्हातारा कुत्रा गेला त्याचं पान, बसका झालेला पाव. दुःखाला प्रायोजक मिळत नाही, आजी.”

“काढली ती?”

“केव्हाच. पुसून टाकली.”

ब्रिटा कॉफी ओतत होती. तिचा हात जरासा थबकला, एवढंच. व्हर्नानं ते पाहिलं आणि काही विचारलं नाही.

“माझं म्हणणं सरळ आहे,” कीगन पुढे झुकला. “कुणाचा फायदा झाला? कॉरिनचा. शुक्रवारी डुप्रीबाईंना सांगायचं, की हे प्रतिस्पर्ध्यानं केलं. असं होतं या धंद्यात. दुसऱ्याच्या नावावर खोटे वाचक घालायचे आणि त्याला पकडवायचं. मी निवेदन लिहूनच आणलंय. अगदी हळुवार भाषेत आहे, नाव फक्त एकदाच घेतलंय.”

“पुरावा?”

“पुरावा कशाला? वातावरण पुरतं.”

व्हर्नानं आयुष्यात पुष्कळ खोटारडे पाहिले होते, पण आपण खोटं बोलतोय हे त्यांना निदान माहीत असायचं. तिनं उठून दार उघडलं आणि गुडघा दुखत असूनही ते उघडंच धरून ठेवलं. कीगन गेला.

“आता सांग,” ती सुनेला म्हणाली. “त्या पानांचं काय?”

ब्रिटा खाली बघत होती. “पुसवेनात हो. मी नुसती यादीतून काढली. ब्लॉग उघडला की दिसत नाहीत, शोधूनही सापडत नाहीत. ज्याच्याकडे जुना पत्ता आहे त्यालाच उघडता येतात. कीगनला सांगितलं, पुसली म्हणून.”

“आणि विकतची स्तुती नेमकी कुठल्या पानांखाली आलीय?”

ब्रिटानं संगणक वळवला. ‘सुंदर’, ‘फार छान मॅडम’, ‘अप्रतिम’, असं भलत्याच देशांतल्या भलत्या नावांनी लिहिलेलं होतं. वर फोटो होता एका म्हाताऱ्या कुत्र्याचा.

पुढचं पान उघडलं. रूबार्बचा केक, आणि वडिलांचे हात. त्याच्या पुढचं, बसका पाव.

जी पानं जगाला दिसतच नव्हती, त्यांच्याच खाली सगळी टाळ्यांची गर्दी होती.

३

कॉरिन नदीकाठच्या बागेत सापडली. गवतावर गोधडी, गोधडीवर ओट्सचा वाडगा, वाडग्यावर ब्लूबेरी, आणि त्यावर ओणवी झालेली कॉरिन चिमट्यानं एकेक ब्लूबेरी फिरवत होती. व्हर्ना सकाळपासून उपाशी होती. घरी ब्रिटाचा नाश्ता उजेडाची वाट बघत खिडकीत ठेवलेला होता.

“बसा ना,” कॉरिन मान वर न करता म्हणाली. “कशाला आलात ते माहितीय मला. गावभर झालंय.”

व्हर्ना बाकावर टेकली. समोर दुसरा तसाच वाडगा भरलेला होता, दूध अगदी दाट, पांढरंशुभ्र. तिनं चमचा उचलला.

“खाऊ नका. तो डिंक आहे.”

“काय?”

“शाळेतला पांढरा डिंक. दुधात ओट्स लगेच फुगतात, फोटोत लगदा दिसतो. डिंकात तरंगत राहतात.”

व्हर्नानं चमचा खाली ठेवला. विस्तव, राख, जळलेली गवताची गंजी, या सगळ्यांविषयी तिला अचानक फार माया वाटू लागली.

“तू केलंस का हे, कॉरिन?”

“मनात आलं होतं,” कॉरिन म्हणाली. तिनं चिमटा बाजूला ठेवला. “खोटं का बोलू? ब्रिटाचं लिखाण माझ्यापेक्षा चांगलं आहे आणि ते मला रात्रंदिवस खुपतं. पण केलं असतं तर नीट केलं असतं. डुप्रीबाई सर्वांत आधी कुठलं पान उघडणार? ओट्सचं. मी सगळा कचरा तिथं ओतला असता. तिथं आलाय का काही?”

“नाही.”

“मग कुठं आलाय?”

“कुत्रा मेला, त्या पानावर.”

कॉरिननं मान वर केली. “तिचा कुत्रा होता? मला माहीतच नाही. मी वाचायला लागले तेव्हा सगळं पिवळं आणि निळं झालेलं होतं.” मग तिनं हात पुसले. “एक सांगू? बुडवणारा माणूस गर्दीच्या जागी बुडवतो. ज्या पानावर कुणी फिरकलं नाही तिथं जाऊन टाळ्या विकत घेणारा… त्याला ब्रिटाचं वाईट नाही करायचं. त्याला वाईट वाटलंय.”

“कीगन उद्या तुझं नाव घेणार आहे.”

“घेऊ दे.” ती पुन्हा ब्लूबेरीवर वाकली आणि लगेच सरळ झाली. “माझंही नाव एकच आहे, मिसेस टॉलेफसन. एकदा असं चिकटलं की जात नाही.”

परतीच्या वाटेवर व्हर्नाच्या डोक्यात तेच घोळत होतं. ब्रिटाला वाचवायचं तर कॉरिनला बुडवायचं, आणि कॉरिननं केलेलं नाही, हे आता पक्कं झालं होतं. कीगननंही नाही. त्याच्या लेखी ती पानं मेलेली होती. राहिला तो असा माणूस, ज्यानं ती पानं ताजी असताना वाचली होती आणि इतक्या वर्षांत विसरला नव्हता.

४

“पहिल्यापहिल्यांदा वाचायचं कोण?” तिनं ब्रिटाला विचारलं.

“कोण वाचणार? माझी मावशी. ती गेली. कॉलेजातल्या दोघी, त्यांनी कधीच सोडलं. आणि पेलमची आजी.”

“ही कोण?”

ब्रिटाला जरा लाजल्यासारखं झालं. “हसणार नसाल तर सांगते. वाचक कुठून येतात त्याचा एक नकाशा असतो. जिथून कुणी वाचलं तिथं ठिपका पेटतो. अगदी सुरुवातीपासून एक ठिपका रोज पेलमला पेटतो. कामाच्या दिवसांत रोज सकाळी. रविवारी नाही. कधी एक अक्षर लिहीत नाही, पण वाचतं. कीगननं शिकवलं ना, की डोळ्यांपुढे एकच आदर्श वाचक आणा, तिला नाव द्या आणि तिच्यासाठीच लिहा, बाकीचे आपोआप येतात. सगळ्या बायका कुणीतरी कल्पनेतली बाई घेतात, चाळिशीची, दोन मुलांची. मी ही घेतली. एकटी राहणारी म्हातारी, अंगावर निळा स्वेटर, एका कानानं कमी ऐकणारी. रविवारी चर्चला जाते म्हणून वाचत नाही. मी अडले की तिलाच विचारते, आजीबाई, हे बरं झालंय का?”

व्हर्ना हसली नाही. तिनं चष्मा काढला.

“पेलममध्ये आहे काय, तुला माहितीये? एक चर्च, एक दफनभूमी आणि तीन गोठे. त्यातला एक जळाला होता, त्याची चौकशी मी केली. म्हातारी तिथं एकच आहे, आणि तिला तर घरात टीव्हीसुद्धा नको होता. सैतानाची खिडकी म्हणायची त्याला.”

“मग कुणीतरी नवीन आलं असेल.”

“असेल,” व्हर्ना म्हणाली.

ओट्यावर रूबार्बची जुडी तशीच होती. वर्तमानपत्र ओलं होऊन देठांना चिकटलं होतं. व्हर्नानं ती हातात घेतली.

“ब्रिटा, ते वडिलांचं पान मला वाचून दाखव.”

ब्रिटानं वाचलं. वडील मे महिन्यात गेले. ते दर मे महिन्यात रूबार्बचा केक करायचे, दुसरं काही त्यांना येत नसे. शेवटची ओळ अशी होती: ‘त्या दिवशी कुणीतरी न सांगता, न विचारता, दोन देठं आणून ओट्यावर ठेवावीत असं मला वाटतं, पण हे घरात कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की त्यातलं काहीतरी जातं.’

“आणि कुणी आणलं, की तुला काय वाटतं?”

“योगायोग,” ब्रिटा म्हणाली. “हंगाम असतो ना.”

बाहेर अंगणात लायल टँकरची चाकं धूत होता. व्हर्ना काठी टेकत त्याच्याजवळ गेली. जळालेल्या गोठ्याच्या चौकशीला ती गेली होती, त्या दिवशीचा वास तिला अजून आठवत होता, आणि गोठ्याच्या मालकाचं नावही.

“लायल,” ती म्हणाली, “स्टकी अजून पेलमलाच राहतो ना रे?”

लायलनं वळून आईकडे पाहिलं. मग वाकून नळ बंद केला.

“तिला सांगणार आहेस?” त्यानं विचारलं.

“मी नाही,” व्हर्ना म्हणाली. “मी आगी शोधायचे, लायल. मला कुणाचं घर पेटवायचं नाही. पण उद्या कीगननं त्या कॉरिनचं नाव घेतलं आणि तू भिंतीला टेकून उभा राहिलास, तर मात्र मी बोलेन.”

५

मिस डुप्री उंच, किडकिडीत, आणि व्हर्नाच्याच वयाच्या निघाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर अशा बाईचा थकवा होता, जिनं फार सुंदर फोटोंतलं फार गार अन्न खाल्लेलं आहे. व्हर्नाला त्या लगेच आवडल्या. कॉरिनला व्हर्नानंच बोलावलं होतं. ती दाराशी हाताची घडी घालून उभी होती. कीगन निवेदनाचा कागद घेऊन बसला होता. लायल कामावर जायचा होता, पण गेला नव्हता.

“तर,” मिस डुप्री म्हणाल्या, “कुणी केलं हे?”

कीगननं घसा साफ केला. “अत्यंत जड अंतःकरणानं…”

“ते राहू दे,” व्हर्ना म्हणाली. “तुझं अंतःकरण खाली ठेव. मिस डुप्री, मला जरा बोलू द्या, मग तुमचा वेळ घेणार नाही. ज्या पानांवर टाळ्या पडल्या, ती पानं या मुलीनं लपवलेली आहेत. कॉरिननं ती कधी पाहिलीच नाहीत. शिवाय तिला हिला पकडवायचं असतं, तर तुम्ही पहिल्यांदा उघडाल त्याच पानावर तिनं घाण केली असती. या कीगनच्या मते ती पानं पुसलेली आहेत. नसलेल्या पानावर कुणी टाळ्या विकत घेत नाही.”

कीगननं ब्रिटाकडे पाहिलं. “पुसली नाहीस?”

“नाही,” ब्रिटा म्हणाली.

“हिनं स्वतः केलं म्हणावं,” व्हर्ना पुढे म्हणाली, “तर जी पानं लोकांपासून झाकायची, तिथंच ही गर्दी कशाला जमवेल? म्हणजे ज्यानं केलं, तो अगदी पहिल्यापासून वाचतोय. त्याला तुमच्या ओट्सचं काही पडलेलं नाही. आकडे कमी पडतायत एवढं त्यानं ऐकलं, आणि चालना द्यायची असतेच असंही ऐकलं. मग पैसे देऊन झाल्यावर, ही स्तुती कुठल्या पानांवर टाकू, असं जेव्हा त्या वाचक विकणाऱ्यांनी विचारलं, तेव्हा त्यानं ती पानं निवडली जिथं इतक्या वर्षांत कुणी चांगलं म्हणालं नव्हतं.”

ती थांबली. मुलाकडे तिनं पाहिलं नाही. तिनं टेबलावरची मिठाची बाटली उगाच सरळ केली.

मग लायल म्हणाला, “मी.”

ब्रिटा वळली. “तू काय?”

“मी केलं. आणि पेलमची आजीपण मीच.” त्यानं टोपी काढून हातात धरली. “तिथं स्टकीकडे दूध चढायला वेळ लागतो. टँकरमध्ये बसून वाचतो. पहिल्यापासून. लिहिलं तर तुला कळेल असं वाटलं, म्हणून मी कधी काही लिहिलं नाही.”

“तू एक ओळ वाचत नाहीस.”

“तूच म्हणालीस वाचू नकोस. अगदी पहिलं पान होतं, सूपचं. मी म्हणालो, मीठ कमी वाटतंय. तू आठवडाभर बोलली नाहीस. मग म्हणालीस, घरातलं कुणी वाचत असेल तर मला लिहिताच येणार नाही. म्हणून मी घरात नाही वाचलं.” तो टोपीची कड चाचपत होता. “त्या कुत्र्याच्या पानाखाली काहीच नव्हतं गं. रिकामं. मला दरवेळी वाटायचं, निदान कुणीतरी ‘बरं आहे’ म्हणावं.”

ब्रिटा खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, खराखुरा राग, आणि त्या रागाला कुठं ठेवावं हे तिला कळत नव्हतं.

“मूर्ख माणसा,” ती शेवटी म्हणाली. “शेजारच्या खोलीत होतास तू. मी पेलमला लिहीत बसले.”

“हे सोनं आहे,” कीगन उभा राहिला. “सोनं. आदर्श वाचक घरातच, नवरा, दुधाचा टँकर. ब्रिटा, असंच बसून राहा, डोळे पुसू नकोस, हा उजेड फार चांगला आहे. डुप्रीबाई, तुम्हाला याहून चांगली गोष्ट…”

“कीगन,” ब्रिटा म्हणाली, “तो फोन खिशात घाल आणि घरी जा. हे कुठंही लिहिलं जाणार नाही.”

“पण तुझा ब्रँड…”

“माझा नवरा आहे तो.”

कीगन गेला, आणि या वेळी दार कॉरिननं उघडून धरलं.

मिस डुप्रींनी चष्मा पुसला. “मिसेस टॉलेफसन,” त्या ब्रिटाला म्हणाल्या, “घरातल्या माणसानं केलं म्हणजे तुम्ही केलं, असा आमचा नियम आहे. आणि तो मी मोडणार नाही. या वर्षी कॉरिन.” दाराशी कॉरिननं मान खाली घातली. “त्यांच्या दुधात डिंक असतो हेही मला ठाऊक आहे, सगळ्यांच्याच असतो. पण तुमचं नाव मी कुणाला कळवणार नाही. आज मला एक खोटं सांगितलं जाणार होतं, ते सोपं होतं, आणि ते या घरानं सांगू दिलं नाही. हा कचरा साफ करा. पुढच्या वर्षी मला लिहा.”

“ती लपवलेली पानं ठेवू का?”

“मी कालच वाचली,” मिस डुप्री उठत म्हणाल्या. “आमच्या तपासणीत पत्ते आले होते. कुत्र्याचं पान दोनदा वाचलं.”

ब्रिटानं सकाळी त्या देठांचा केक केला होता; त्याचा एक तुकडा त्यांनी रुमालात बांधून घेतला आणि गेल्या.

खोटे फॉलोअर एकेक करून हातानंच काढावे लागतात, हे त्या शनिवारी-रविवारी लायलला कळलं. तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एकेक नाव पुसत होता आणि ब्रिटा त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हती. व्हर्नानं गॅरेजमधून आपला तपकिरी मग परत आणला. तो निळ्या कपबशांच्या रांगेत बसला.

सोमवारी सकाळी ब्रिटा संगणकाशी बसली होती. व्हर्ना कॉफी घ्यायला गेली तेव्हा तिला दिसलं. सूपच्या त्या पहिल्यावहिल्या पानाखाली ब्रिटानं लिहिलं होतं: ‘पेलमच्या आजीबाईंस, मीठ कमी वाटलं तर यापुढे घरी येऊन तोंडानं सांगावं.’

मग दोघी नकाशाकडे बघत बसल्या. थोड्या वेळानं पेलमला ठिपका पेटला, आणि त्या दिवशी तो नेहमीपेक्षा बराच वेळ पेटलेला राहिला. स्टकीचा पंप, दुसरं काय.

संध्याकाळी लायल आला, हात धुतले आणि टेबलाशी बसला. ब्रिटानं तेच सूप केलं होतं. भांडं चुलीवरून थेट टेबलावर आलं. खुर्चीवर कुणी चढलं नाही. लायलनं चमचाभर सूप तोंडात घेतलं, बायकोकडे पाहिलं, आणि सगळं धैर्य एकवटून म्हणाला, “मीठ कमी आहे.”

ब्रिटानं मिठाची बाटली त्याच्याकडे सरकवली. जराशी जोरातच.

“आधी प्रार्थना,” व्हर्ना म्हणाली. तिघांनी माना खाली घातल्या. मग तिनं चमचा उचलला, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या जिभेला चांगला चटका बसला. तिनं लगेच दुसरा चमचा भरला.